वृद्धांच्या परिसंवादाला सासूबाईंसह

तंजावूरला जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात बृहदीश्वराचं देऊळ होतं, मराठ्यांचा राजवाडा होता आणि चार दिवस दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा प्यायला मिळेल अशी आशा होती. सासूबाई डोक्यात नव्हत्या.

मी सांगलीच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवते. तंजावूरच्या एका कॉलेजानं वृद्धांचं आरोग्य आणि सांभाळ यावर परिसंवाद भरवला होता. देशोदेशींच्या धोरणांची तुलना, परदेशांतून माणसं येणार, जाण्यायेण्याचं भाडं मिळणार. उदारीकरण नुकतंच अंगवळणी पडत होतं आणि परदेशी पाहुणा असल्याशिवाय परिसंवादाला परिसंवाद म्हणत नसत. मी उत्साहानं निबंध पाठवला आणि तो चक्क स्वीकारला गेला. निघायला आठवडा राहिला असताना आमच्या यजमानांच्या बँकेनं त्यांना तपासणीसाठी हुबळीला धाडलं. रत्नागिरीच्या नणंदबाईंच्या मुलीची बारावी होती, म्हणजे त्या घरात महिनाभर मोठ्यानं शिंकायचीसुद्धा बंदी. वृद्धांचा सांभाळ कसा करावा हे सांगायला मी निघाले होते आणि घरातल्या वृद्धेला कुठं ठेवावं हे मला कळत नव्हतं.

उत्तर माईंनीच दिलं. "मी येते की. देऊळ तरी बघेन."

माई म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंचाहत्तरीच्या आसपास, गुडघे कुरकुरणारे, कान तिखट. गाडीत मी समोरच्या बाईंना आमच्या प्रवासाचं कारण सांगत होते. पॉलिसी हा शब्द चार-पाच वेळा आला असेल. माई बराच वेळ ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "विमाच उतरवायचा तर एवढे परदेशातले लोक तंजावूरपर्यंत कशाला येतात गं?"

मुक्काम

स्टेशनवर आम्हाला घ्यायला परिसंवादाचे चिटणीस प्रोफेसर माधवराव आले होते. कपाळावर गंधाची बारीक रेघ, पांढरा शर्ट, पायात चपला. ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते. पाहुण्यांची सोय कॉलेजच्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावर केली होती. जिन्यापाशी पोचल्यावर माईंनी वर पाहिलं आणि म्हटलं, "म्हाताऱ्यांसाठी भरवलंय म्हणतात, आणि माडीवर चढवतात."

माधवराव थबकले आणि एकदम मराठीत म्हणाले, "पायऱ्या नको तर नको. माझी मावशी अहे ना. तिचें घर खालींच अहे. तेथें रहा."

तंजावुरी मराठीबद्दल मी ऐकून होते, पण कानावर पडायची ती पहिलीच वेळ. शब्द बखरीतले आणि सूर तमिळ. वाक्य शेवटाला जरासं वर उचलायचं आणि तिथंच सोडून द्यायचं. माई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

माधवरावांची मावशी सीताबाई राजवाड्यामागच्या एका गल्लीत राहायच्या. पुढं ओटा, आत लांबट खोली, मागं विहीर आणि नारळ, वरच्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारा भाडेकरू. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. सीताबाई दारातच उभ्या होत्या.

"या, या. जेवण होलं का?"

"झालं गाडीत," माई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही माझ्या आजीसारखं बोलते. फक्त चाल लावून."

दोघींचं सूत जुळायला त्या दिवसाची संध्याकाळसुद्धा लागली नाही. माईंनी सांगलीहून चिवडा नेला होता. पुडी सोडल्यावर सीताबाईंनी चिवडा बाजूला ठेवला आणि पुडीचा कागद हातात घेतला. घरात सगळं बोलणं मराठी, पण वाचायला येई ते तमिळ. देवनागरी अक्षरं त्यांनी कधी गिरवलीच नव्हती. "वाचा हो," त्या म्हणाल्या. माईंनी चष्मा लावून वाचलं. सांगली बाजारात हळद तेजीत, गुळाची आवक कमी, आणि खाली कुणाची तरी मोडीत काढायची मोटार. सीताबाई मान डोलावत कीर्तन ऐकावं तशा ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बरें लिहिलें अहे."

रात्री पानात वांग्यांची रसवांगी होती. आंबट, दाट, वरून खोबरं. आमच्या भरल्या वांग्याची दूरची बहीण, लग्न होऊन तमिळ घरी गेलेली. माईंनी दोनदा भात घेतला आणि म्हणाल्या, "गूळ विसरलात वाटतं, पण चालेल."

सभागृह

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. माई आणि सीताबाई दोघीही आल्या आणि माधवरावांनी त्यांना अगदी पहिल्या रांगेत बसवलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की ज्यांच्याविषयी सगळं चाललंय अशा त्या सभागृहात दोघीच होत्या. बाकी आम्ही तज्ज्ञ. बोलणारा प्रत्येक जण 'वृद्ध' हा शब्द आला की नकळत त्यांच्या दिशेनं हात करी, आणि सीताबाई दर वेळी नमस्कार करत.

पहिल्या बोलल्या डेन्मार्कच्या इंगरबाई. उंच, गोऱ्या, उन्हानं नाक सोललेलं. मी माईंच्या कानात भाषांतर करत होते आणि माई तेच सीताबाईंना सांगत होत्या, माझ्यापेक्षा मोठ्यानं.

"त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालायला, केर काढायला घरी बाई येते."

"कुणाची बाई?"

"सरकारची."

"पगार कोण देतं?"

"सरकारच."

"आणि मुलगा?"

"मुलगा रविवारी येतो."

"जेवायला?"

"कॉफी प्यायला."

माईंनी यावर बराच विचार केला. "मग भांडायला काही उरतच नाही," त्या म्हणाल्या. हे त्यांना आवडलं होतं की नव्हतं, ते मला कळलं नाही.

इंग्लंडचे एक डॉक्टर बोलले. त्यांच्याकडे गाडी दारात गरम जेवण आणून देते, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला रांगेत थांबावं लागतं. माई म्हणाल्या, आपल्याकडे गुडघ्याला रांग नाही, गॅसच्या सिलिंडरला आहे. मग जपानचे तानाका उठले. अतिशय नम्र माणूस. त्यांच्या आईचं सगळं त्यांच्या बायकोनं अनेक वर्षं घरीच केलं. आता असं करणाऱ्या सुना थकल्या आहेत, म्हणून सगळ्यांकडून थोडे थोडे पैसे घेऊन बाहेरची माणसं नेमावीत असा विचार तिकडे चालला होता. बायकोविषयी बोलताना त्यांचा आवाज जड झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि हा कुठं होता तेव्हा?" माईंनी विचारलं.

"ऑफिसात."

"हं," माई म्हणाल्या.

शेवटी आपल्याकडचे एक ज्येष्ठ वक्ते उभे राहिले. भारताला असल्या धोरणांची गरज नाही, आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, तेच आपलं धोरण, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि परिणामासाठी क्षणभर थांबले. ते थांबले होते नेमकी तेव्हाच माईंनी मला विचारलं, "म्हणजे तूच ना?"

मराठी कळणारी चार-पाच माणसं हसली. त्यांनी शेजाऱ्यांना तमिळमध्ये सांगितलं, शेजाऱ्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि वक्ते पुढच्या मुद्द्यावर गेले तरी मागच्या रांगांत हसू पोचतच होतं.

दुपारी केळीच्या पानावर जेवण. सांबार तोंडात गेल्यावर माईंनी मनापासून म्हटलं, "वा." लांबवर उभा असलेला वाढपी लगबगीनं आला आणि त्यांच्या पानात भात वाढून गेला. माईंनी डाळ घातलेल्या भाजीचं कूटू चाखलं. "वा, वा." तो पुन्हा आला, पुन्हा वाढलं. पायसाच्या वेळी तर तो पातेलं घेऊन शेजारीच उभा राहिला. घामाघूम होऊन माई मला म्हणाल्या, "अगं, हा माणूस माझा पिच्छा का सोडत नाही?" सीताबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. त्यातही अरे-तुरेतलं. त्या पिकल्या केसांच्या वाढप्याला माई मघापासून 'ये रे, ये' म्हणत होत्या, आणि तो बिचारा मान राखून येत होता. मग सीताबाईंनी 'पोदुम', म्हणजे पुरे, हा शब्द शिकवला. माईंनी तो पुढचे दोन दिवस माझ्यावरही वापरला.

ओट्यावर

देऊळ पाहून आलो त्या संध्याकाळी सीताबाई गप्प होत्या. ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. माईंनी विचारल्यावर म्हणाल्या, "उद्यां मला पाहायला येणार."

परिसंवादाच्या कार्यक्रमात 'भारतीय कुटुंबाला भेट' अशी एक सकाळ होती. माधवरावांनी त्यासाठी मावशीचंच घर नेमलं होतं. फक्त एक अडचण होती. त्या घरात कुटुंब नव्हतं, सीताबाई एकट्याच होत्या. म्हणून त्यांचा मुलगा व्यंकट, सून पद्मा, दोघं मद्रासहून रात्रीच्या गाडीनं येणार होते. परदेशी पाहुण्यांसमोर सगळ्यांनी एकत्र राहायचं, निदान अकरा वाजेपर्यंत.

"मुलीला पाहायला येतात ना, तसें," सीताबाई म्हणाल्या. "आणि दाखवून होलं कीं संध्याकाळीं मला घेऊन जाणार. मद्रासला. कायमचें."

दिवाळीत त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. हात गळ्यात बांधून महिना काढला. तेव्हापासून व्यंकटला झोप नव्हती. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता, हे त्याच सांगत होत्या. पण मद्रासचं घर तिसऱ्या मजल्यावर, दाराला लोखंडी जाळी, दिवसभर दोघंही कामावर. "तेथें ओटा नाही," त्या म्हणाल्या. "मी कोठें बसूं?"

मी त्यांना काहीतरी म्हटलं. मुलाशी मोकळेपणानं बोला, मधला मार्ग काढा, असलं काहीतरी. वर्गात मुलांना जे सांगते तेच. माई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मी ओळखायला हवं होतं.

सकाळी उठले तर दोघीही घरात नव्हत्या. देवळात गेल्या असतील म्हणून मी निवांत कॉफी घेतली. मी आल्यापासून कुणीतरी केलेली कॉफी मिळत होती, आणि आज ती व्यंकट करत होता. गोल चेहऱ्याचा, घाईत असलेला माणूस. कमरेला पेजर. तो मद्रासबाहेर चालत नसे, तरी व्यंकट दर थोड्या वेळानं त्याच्याकडे बघे. पद्मानं दारात पिठाच्या रांगोळीचा मोठा कोलम घातला, देवघरात दिवा लावला. माधवराव पाहुण्यांना घेऊन आले. इंगरबाई, तानाका, इंग्लंडचे डॉक्टर, सगळे चपला काढून सतरंजीवर बसले. मुलगा आहे, सून आहे, भाचा आहे, कॉफी आहे. इंगरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "आणि वृद्ध व्यक्ती?"

व्यंकट म्हणाला, पूजेत आहे. जरा वेळानं म्हणाला, अंघोळीला गेली. नंतर पुन्हा पूजेत गेली. चौथ्यांदा तो काही म्हणणार एवढ्यात वरचा भाडेकरू ऑफिसला निघाला, आणि एवढी माणसं पाहून चांगुलपणानं सांगून गेला, की अम्मा आणि महाराष्ट्रातल्या पाट्टी, म्हणजे आजी, सकाळीच पापनाशम गावच्या बसमध्ये चढल्या. त्यानंच त्यांना हात देऊन चढवलं होतं.

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. वसतिगृहाचा जिना ज्यांना चढवत नव्हता, त्या माझ्या सासूबाई परक्या मुलखात, भाषा येत नसताना, गावठी बसमध्ये बसून पळाल्या होत्या.

पापनाशम

कॉलेजची व्हॅन दारातच होती. व्यंकट पुढं बसला, आम्ही मागं. पाहुण्यांना उतरा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्यांचीही उतरायची इच्छा दिसली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात, मध्ये कालवे, कडेला नारळीच्या रांगा. जागोजागी शेतकऱ्यांनी भाताच्या पेंढ्या रस्त्यावरच पसरल्या होत्या, जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होत होती. आमची व्हॅनही त्यावरून सळसळत गेली. इंगरबाईंनी विचारलं, याचे पैसे मिळतात का? माधवराव म्हणाले, नाही, हेही धोरणच. त्या संकटातही माणूस विनोद करत होता.

पद्मा माझ्या शेजारी होती. बाहेर बघत मला म्हणाली, "अम्मा कमलम टीचरकडे गेल्या असतील. दुसऱ्या कोणाकडे जात नाहीत."

कमलम टीचर पूर्वी सीताबाईंच्या शेजारी राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर पापनाशमला भावाकडे आल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. भावाच्या घरात त्यांना दिवाणखान्याचा एक कोपरा होता आणि त्या कोपऱ्यासमोर टीव्ही.

घर सापडायला त्रास पडला नाही. ओट्यावर तिघी बसल्या होत्या आणि इडली खात होत्या. आमची व्हॅन पाहून माई म्हणाल्या, "आलात? बसा. ही ऐकत नाहीये."

बोलणी आधीच सुरू होती; तमिळमधलं माधवराव आम्हाला समजावत होते. सीताबाईंचं म्हणणं, कमलमनं तंजावूरला येऊन त्यांच्याबरोबर राहावं. एक पडली तर दुसरी हाक मारेल. कमलम टीचरना ऐकू कमी येई, म्हणून हे सगळं साऱ्या गल्लीला ऐकू जात होतं. त्यांच्या अटी होत्या. खिडकीजवळची खाट हवी. संध्याकाळच्या पूजेच्या वेळी टीव्ही नको. सीताबाईंचीही एक अट होती. टीचरनं त्यांच्या तमिळमधल्या चुका काढायच्या नाहीत. यावर टीचर अडल्या होत्या. त्या म्हणत होत्या, चूक केली तर काढणार, मी काय बहिरी आहे? माई तमिळचं एक अक्षर कळत नसताना मध्यस्थी करत होत्या, म्हणजे ज्या बाईचा आवाज चढेल तिच्या पानात चटणी वाढत होत्या.

व्यंकट ओट्याच्या पायरीवरच बसला.  "अम्मा, तूं रात्रीं पुन्हां पडलीस तर? ही ऐकणार तरी अहे का? मी मद्रासला, मला कोण सांगणार?"

सीताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इडलीचा तुकडा हातातच राहिला. मला वाटलं, संपलं, आता या उठून व्हॅनमध्ये बसणार. आईला मुलाचं असं विनवणं ऐकवत नाही.

तेव्हा पद्मा बोलली. ती सकाळपासून फारसं काही बोलली नव्हती. "मी सात वाजतां शाळेत शिकवायला जातें," ती व्यंकटला म्हणाली. "तुम्ही आठला. अम्मा तिथें पडल्या तर संध्याकाळपर्यंत कोण बघणार? जाळीला आंतून कडी. तुम्हांला झोप येईल. त्यांचें काय?"

व्यंकटनं पेजरकडे पाहिलं, जणू तो काही सांगेल. मग तमिळमध्ये टीचरना विचारलं, खरंच याल का? टीचरनी दोनदा विचारायला लावलं. ऐकू आलं नाही की ऐकायला बरं वाटलं, कोण जाणे. मग आत जाऊन कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. ती भरलेलीच होती. आम्ही येण्याआधी की कित्येक दिवसांपासून, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तडजोड झाली ती अशी. टीचर तंजावूरला येणार. न्हाणीघरात धरायला दांडी बसणार आणि फरशी खडबडीत होणार, ते व्यंकट सोमवारच्या आत करून जाणार. वरच्या भाडेकऱ्याला हाक मारायला जिन्याशी घंटा. भाषेची चूक दिवसाला एकच काढायची.

हे सगळं इंगरबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे हेच करायला सभा घ्याव्या लागतात आणि वाट पाहावी लागते. तानाका मात्र पद्माकडे बघत होते. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. ती गोंधळली, तिनंही केला.

मग इंगरबाई माईंकडे वळल्या. कामाची सवय ती. मला म्हणाल्या, "यांना विचारा, यांना स्वतःला काय हवं आहे. पुढं एकटीनं होईनासं झालं तर."

समाजकार्य शिकवणाऱ्या बाईनं हा प्रश्न आपल्या सासूला कधी विचारला नव्हता. विचारला. माईंनी बोटं धुतली, पदराला पुसली.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "सुनेनं करावं असं वाटतं. दुसऱ्या कुणाचा हात नको वाटतो. आणि तिला करायला लागू नये असंही वाटतं. ती दमते. ते मला दिसतं, पण दिसतं असं म्हटलं तर ती अजून करते. म्हणून मी बोलत नाही."

मला इंग्रजी येतं. अनेक वर्षं इंग्रजीतून शिकवलंय. पण त्या वेळी पहिल्या वाक्यापुढं मला जाता येईना. इंगरबाई म्हणाल्या, "त्या तर बरंच बोलल्या." मी म्हटलं, हो. माधवरावांनी पुढचं भाषांतर केलं, माझ्याकडे न बघता.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये तीन माणसं वाढली होती. टीचर सीताबाईंना काहीतरी समजावत होत्या, सीताबाई 'सरि, सरि', म्हणजे बरं बरं, म्हणत होत्या. माधवरावांनी आम्हाला सांगितलं, आजची चूक काढून झाली. समारोपाच्या भाषणात मात्र त्यांनी या भेटीतून एकत्र कुटुंबपद्धतीचं सामर्थ्य दिसून आलं, असं सांगितलं. कुणीच हरकत घेतली नाही, कारण एकत्र तर सगळे होतोच.

सांगली

परत आल्यावर लोकांनी देवळाबद्दल विचारलं, तंजावुरी चित्रांबद्दल विचारलं. मी सांगितलं. परिसंवादाचा वृत्तांतही लिहून दिला. त्यात डेन्मार्क आहे, इंग्लंड आहे, जपान आहे. इडलीचा उल्लेख नाही. महिन्याभरानं एसटीडी बूथवरून माधवरावांना फोन केला. दोघी बऱ्या आहेत, रोज भांडतात, घंटा एकदाच वाजली आणि तीही मांजरानं वाजवली, असं ते म्हणाले.

आमच्या घरात मात्र धोरण बदललं. यजमान हुबळीहून परतले त्या रविवारी माई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि पाय स्टुलावर ठेवला.

"माझ्या पायाची नखं काप," त्या म्हणाल्या. "मला वाकता येत नाही."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर हे काम कोण करत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि माईंनाही. मी उठणार होते. "तू बस," माई म्हणाल्या.

ते चष्मा शोधून आले. खाली मांडी घालून बसले. बँकेतले इतके मोठे अधिकारी, नेलकटर आधी उलटं धरलं. करंगळीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "दुखत नाही ना?"

"दुखलं की सांगेन," माई म्हणाल्या. "सावकाश होऊ दे. मला कुठं जायचंय?"

मी पेपर उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला.